धोंडीबाईच्या डोळ्याआडचा बर्गर

अनंताला स्वयंपाक येतो हे शहापुरात तिघांनाच ठाऊक होतं. तो स्वतः, बायको सारिका आणि चौथीतली मुलगी दीप्ती. दोन हजार तीनच्या थंडीत घरात चौथं माणूस आलं, अनंताची आई धोंडीबाई. तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढून त्यावर महिनाभराची पट्टी बांधली होती आणि डाव्यानं तिला फार तर उजेड आणि अंधार वेगळे कळत. आईला दिसत नाही म्हणून हायसं वाटावं अशी पाळी मुलावर सहसा येत नाही. अनंतावर आली होती.

गाव त्याचं सिद्धगडाच्या पायथ्याशी, मुरबाडकडे. बारा वर्षांपूर्वी तो शहापुरात सळया ओढून तारा करणाऱ्या एका कंपनीत लागला. कंपनी बंद पडणार ही बातमी तो लागला त्याच वर्षी आली, आणि पुढे दर दिवाळीला ती नव्यानं येत राहिली. लोकांनी तिच्याकडे लक्ष देणं सोडलं होतं. पण आता आठवड्यातून तीनच दिवस काम मिळू लागलं, तेव्हा बातमीनं मनावर घेतलं आहे हे सगळ्यांना कळून चुकलं. म्हणून सारिका औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावायला जाऊ लागली. सेकंड शिफ्ट. दुपारी कंपनीची बस तिला नेई आणि घरातली माणसं झोपल्यावर आणून सोडी. पाडव्यापर्यंत खाडा केला नाही तर पर्मनंट करू, असं सुपरवायझर बोलला होता. घराची सगळी भिस्त आता त्या पाडव्यावर होती.

अडचण एकच होती. सारिका कामाला लागली तेव्हा गावच्या अंगणात, चार नातेवाइकांच्या देखत धोंडीबाई म्हणाली होती, "सून कामाला जाते तर जाऊ दे. पन ज्या घरात माजा पोर चुलीशी बसंल, त्या घरचं घोटभर पानी मी घेनार नाय." धोंडीबाई बोलायची कमी, आणि बोललेलं मागे घ्यायची त्याहून कमी. तिचा धाकटा भाऊ गोमा याला हे वाक्य इतकं आवडलं की पुढे दोन लग्नांत आणि एका दहाव्याला त्यानं ते सांगितलं.

तेव्हा आईला कळलं तर काय होईल हे अनंताला पाठ होतं. आई पट्टीसकट एसटीत बसेल. गावात तिच्या डोळ्यात वेळेवर थेंब घालायला कुणी नाही. मग सारिका म्हणेल, राहू दे, मीच घरी बसते. आणि ती हे फार लवकर म्हणेल, अशी त्याला मनातून शंका होती.

म्हणून त्यानं एक कायदा केला. सारिका दुपारी सगळं करून जाते, आपण संध्याकाळी फक्त गरम करतो. गरम करणं म्हणजे स्वयंपाक नव्हे. गरम तर सूर्यही करतो.

पण कायदा करणं सोपं आणि पाळणं कठीण. भाकरी गरम करून चालत नाही. तांदळाची भाकरी तव्यावरून उतरताच खायची असते, दुपारची भाकरी संध्याकाळी ताटात चिरफाळते. आणि ताजी थापायची तर आवाज होतो. एका खोलीत आई, दुसऱ्या खोलीत गॅसची शेगडी, मध्ये पडदा. भाकरी थापण्याच्या आवाजावरून हात कुणाचा हे ओळखणाऱ्या बायका त्यांच्या गावात होत्या आणि धोंडीबाई त्यातली पहिली. शिवाय पलीकडच्या भिंतीला काशीवहिनी होत्या, आणि काशीवहिनींना ऐकू गेलं म्हणजे तलाठ्याकडे नोंद झाल्यासारखंच होतं.

बिनआवाजाचं जेवण त्याच्याकडे आधीच होतं, ते दीप्तीमुळे. तिनं टीव्हीवर बर्गर पाहिला होता आणि तिला तो हवा होता. अनंतानं बाजारातल्या बेकरीतून गोल बन आणला. तो निघाला गोड, वर टुटीफ्रुटी. दीप्तीनं आतलं खाल्लं आणि बन काशीवहिनींच्या शेळीला दिला. शेळीनं तक्रार केली नाही. दुसऱ्या खेपेला त्यानं बनाचा नाद सोडला आणि सारिकानं लाटून ठेवलेली चपाती घेतली.

ते असं असे. उकडलेले बटाटे आणि वाटाणे हातानं कुस्करायचे, आलं-मिरची वाटून घालायची, भिजवून पिळलेला पाव मिसळायचा म्हणजे वडी फुटत नाही. वडी गोल केली तर चपातीत पोट पुढे आल्यासारखी दिसते, म्हणून लांबट, बोटांच्या मापाची. रव्यात घोळवून तव्यावर थोड्या तेलात दोन्हीकडून लाल. चपातीला अर्ध्या भागात हिरवी चटणी, अर्ध्यात सॉस. वर कोबी, कांदा, मग वडी. आधी खालची कड आत दुमडायची आणि मग बाजूनं गुंडाळायची. हे खालचं दुमडणं त्याला बराच काळ सुचलं नव्हतं, आणि तोवर दीप्तीचे फ्रॉक सॉसचे होत. सगळं मिळून भात शिजायला लागतो तेवढ्यात होई, आणि भांडी फक्त तवा आणि एक पातेलं एवढीच घासायला पडत. दमलेल्या माणसाला भांड्यांचा हिशोब पदार्थाच्या आधी दिसतो.

पहिल्या संध्याकाळी त्यानं एक गुंडाळी आईच्या हातात दिली.

"काय देतोस रे हातात?"

"बर्गर."

"म्हंजी?"

"चपातीत बटाट्याची वडी. सारिका करून गेली. मी जरा तव्यावर फिरवली."

"भाकर नाय?"

"डॉक्टर बोलले, भाकर चावताना जबडा हलतो. टाका सैल होतो."

धोंडीबाईनं जरा विचार केला. "मंग बोलताना हलत नाय?"

"तेव्हा पण हलतो."

"तर मंग नको विचारूस मला काय," ती म्हणाली आणि खाऊ लागली. तिनं मधूनच चावा घेतला, कारण सुरुवात कुठून करायची हे दिसत नव्हतं आणि दिसलं असतं तरी कळलं नसतं. सगळं संपवलं. हात पुढे करून दुसरा मागितला. अनंताला वाटलं, निभावलं.

असे बरेच दिवस निभावले. तो पहिल्या पाळीहून येई, नसेल पाळी तर कुठे हमालीचं काम बघून येई, आईच्या डोळ्यात थेंब घाली, दीप्तीला पाढे म्हणायला लावी. पाढे मोठ्यानं म्हटले की कांदा चिरल्याचं ऐकू जात नसे. दीप्तीचे त्या हिवाळ्यात एकोणतीसपर्यंत पाढे पाठ झाले आणि बाईंनी वर्गात तिचं कौतुक केलं. अनंता मात्र रात्री पडल्यावर दमलेला असे तो कामानं की लपवण्यानं, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

मग एका बुधवारी किन्हवलीवरून येणाऱ्या एसटीनं गोमामामा आला. न कळवता. बहिणीला बघायला, पिशवीत नवे तांदूळ घेऊन. अनंताचे हात मनगटापर्यंत बटाट्यात होते. पडद्याआडून त्यानं मामाचा खोकला ओळखला, हात पुसले आणि बाहेर येऊन पाया पडला.

"सूनबाई दिसत नाय," मामा म्हणाला.

"कामावर गेली."

"मंग शिजवतंय कोन आज?"

मामानं हे काही पकडायला विचारलं नव्हतं, त्याला भूक लागली होती. पण दीप्तीनं बापाकडे पाहिलं. बापानं भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिलं.

"सकाळचं करून जाते बिचारी," खाटेवरून धोंडीबाई म्हणाली. "अनंता, गरम कर. मामाला वाढ."

अनंता आत गेला. वड्या अजून वळायच्या होत्या. त्यानं घाईघाईनं चार वळल्या, तवा ठेवला, तेल सोडलं. पहिली वडी पडताच तवा चुरचुरला, आणि त्याच क्षणी बाहेर आईचा आवाज चढला.

"तुजी म्हैस कशी हाय रे, गोमा?"

म्हैस बरी होती. मग धोंडीबाईनं म्हशीच्या आईची चौकशी केली. मग पाटलाच्या पोरीची सोयरीक, पडकी विहीर, वरच्या आळीतल्या सरस्वतीचं भांडण. वर्षभरात बोलली नसेल तेवढं ती बोलत होती. अनंतानं वडी उलटली, तवा पुन्हा चुरचुरला, आणि सरस्वतीचं भांडण एकदम रंगलं. वडी शांत झाली तशी बाहेर सरस्वतीही शांत झाली. अनंतानं मुद्दाम थोडं तेल सोडून पाहिलं. बाहेर लगेच विहीर पुन्हा पडली.

तो उलथणं हातात धरून उभा राहिला.

"गरम कराया येवडा टाइम?" मामा म्हणत होता.

"ग्यास बारीक हाय," धोंडीबाई म्हणाली.

मामा जेवला. त्यानं गुंडाळी उलटी धरली, त्यामुळे कोबी आणि कांदा धोतरावर उतरला. तो वेचून खात म्हणाला, "सूनबाईला सांगा, बरं हाय. पन भाकरीची सर नाय." आणि आसनगावला लेकीकडे मुक्कामाला निघून गेला.

अनंतानं ताट उचललं, खाली ठेवलं आणि आईच्या पायाशी बसला.

"कधी कळलं तुला?"

"पयल्याच दिशी. सारिका मीठ राखून घालते. तू घालतोस गुराला घातल्यावानी."

"मग बोलली का नाय?"

"बोलून? मंग जायाला लागलं असतं मला. गोमाच्या देखत बोललेली मी." ती पट्टीच्या कडेला बोट लावून खाजवू लागली. अनंतानं तिचा हात खाली घेतला. "तिकडं कोन हाय रे? मीच पेटवायची, मीच थापायची, मीच खायाचं. पन्नास वर्सं झाली. कटाळा आला. हितं आपसूक हातात येतं. काय येतं ते समजत नाय, पन येतं."

"आणि ते पाणी न घेण्याचं?"

"तुजा बाप एकदा शिजवायला बसलेला. मला टायफाइड झालेला तवा. गावानं वरीसभर जगू दिला नाय त्याला. तुजं तसं नको, म्हनून बोलली." मग म्हणाली, "डाक्तर बोललाय ना दुसरा डोळा पन करा? करून टाकू. पाडवा हितंच होईल माजा. गोमाला कळू नको देऊ. आनि कांदा बारीक काप. दाताला दांडकं लागतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सारिका चपात्या लाटत होती तेव्हा अनंतानं तिला सगळं सांगितलं. आपण चांगली बातमी सांगतो आहोत असं त्याला वाटत होतं. तिचं लाटणं थांबलं.

"म्हणजे त्या रागावल्या नाहीत."

"नाय."

"आणि जाणार पण नाहीत."

"पाडव्यापर्यंत तरी नाय. तुझं पर्मनंटचं आता पक्कं समज."

सारिकानं पोळपाटावरची चपाती उचलली, बघितली, पुन्हा खाली ठेवली. "मला वाटायचं, कधीतरी त्यांना कळेल. त्या काय ते बोलतील, आणि मी सुटेन. रोज बसमध्ये बसताना वाटायचं."

आईच्या थेंबांची वेळ झाली होती, पण अनंता उठला नाही.

"आता सुटायचं नाही म्हणजे," सारिका म्हणाली आणि पुन्हा लाटू लागली. "चपात्या जास्त करून ठेवते. त्यांना एकात भागत नाही."