दसऱ्याचा पाना

भाऊजींची माझी शेवटची भेट यंदाच्या दसऱ्याची. लकव्यानं त्यांची वाचा गेली होती, उजवा हात तेवढा हलायचा. मी संध्याकाळी सानगडीला सोनं द्यायला गेलो, तर त्यांनी आपट्याची पानं बाजूला सारली आणि मूठ वळवून हवेत काहीतरी फिरवू लागले... पुन्हा पुन्हा. मला वाटलं, बाटलीचं झाकण उघडायला सांगताहेत. मी पाणी पाजलं. ते माझ्याकडे बघत राहिले, मग निमूट प्यायले.

ताई सानगडीच्या धान पिकवणाऱ्या घरात भाऊजींची बायको म्हणून गेली आणि आम्हा मोहाडीच्या विणकरांना गाडीतलं कळणारा एक तरी माणूस मिळाला. मी जुनी कार घेतली तेव्हा भाऊजींनी मला स्टेअरिंगला हात लावू देण्याआधी अंगणात चाक काढायला बसवलं. मी हौसेनं आधी जॅक लावला आणि मग पान्यावर जोर केला, तर नट राहिला जागेवर आणि अधांतरी चाकच गरगर फिरलं. भाऊजी पोट धरून हसले. "अरे बापू, चाक जमिनीवर हाये तवाच नट ढिले कर, मंग उचल. आन कसताना समोरासमोरचे कस, नाही तं चाक वाकडं बसते."

आमच्या घरी दसऱ्याला मागाचे धोटे पुजतात. कार आल्यापासून जॅक आणि पानाही त्यांच्याशेजारी पाटावर बसू लागले, आणि पुजलेली वस्तू पाटावरच विसरायची आमची जुनी खोड. म्हणून दर दसऱ्याला भाऊजींचा फोन ठरलेला. "पूजा झाली का पाना गाडीत ठेवजो. देवाले का चाक बदलाचं हाये?" मी वैतागायचो, पण उठून ठेवायचो.

काही दिवसांतच ते गेल्याचं कळलं. जावयाच्या अंगावर अखेरचं धोतर आमच्याच मागाचं घालायची आमच्या घरची रीत. ते घेऊन निघालो. लाखनीच्या अलीकडे टायर बसला. डिकी उघडली... स्टेपनी तेवढी होती. जॅक आणि पाना घरी, पाटावर. माझी मूठ आपोआप वळली, आणि भाऊजी त्या दिवशी हवेत काय फिरवत होते ते तेव्हा कळलं. भर रस्त्यात मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक-दोन गाडीवाले थांबले, पण त्यांचा पाना माझ्या नटांना बसेना. लाखनीहून मिस्त्री आला तोवर दुपार टळली होती. सानगडीला पोचलो तेव्हा चिता पेटलेली होती. धोतर घडीचं घडीच राहिलं.

"पंक्चर का सांगून होते, बापू?" असं म्हणून लोकांनी मलाच धीर दिला. पाना घरी राहिला, हे मी कुणाला बोललो नाही.

तेरवीला ताईनं चार पाहुण्यांसमोर माझा हात धरला. "दसऱ्याले ते हातानं सांगून राहिले होते. मले नाही समजलं, या माझ्या भावालेच समजलं. पाणी मांगत होते ते." सगळे माझ्याकडे मायेनं बघू लागले.

पाना आता डिकीतच असतो. त्यावरचं कुंकू मी पुसलेलं नाही, आणि ताईला अजून काही सांगितलेलं नाही.