वास घेणारे आबा

चहा समोर आला की आबा आधी कप नाकाशी नेत. एकदा हुंगत, कप फिरवून दुसऱ्या कडेने पुन्हा हुंगत आणि म्हणत, "यामा काहीतरी काळंबेरं शे." मग सगळा चहा पिऊन टाकत. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. जगावर भरोसा नाही, पण चहा सोडवत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत मी जळगावला कापसाच्या एका जिनात कारकून होतो आणि आबा तिथल्या सरकीच्या गुदामाचे राखणदार. राखणीला याहून लायक माणूस मिळाला नसता. मी रजा घेतली तरी त्यांना शंका, नाही घेतली तरी शंका. गवळ्याने एखादे दिवशी दूध दाट दिलं, तर यात याने काय मिसळलं म्हणून दिवसभर विचार करत बसत.

भरोसा फक्त मांजरांवर. उंदीर बारदान, म्हणजे गोणपाटाची पोती, कुरतडत, म्हणून गुदामात बेवारशी मांजरांचं टोळकं असे. मला मांजरं आवडत नाहीत, आजही नाहीत. आबांचा मात्र एका भुरकट मांजरीवर फार जीव. तिला ते भुरी म्हणत. "मन्हासारखी शे," ते कौतुकाने सांगत. "वास लेवाशिवाय तोंड लावत नही."

एका उन्हाळ्यात ही मांजरं मरू लागली. पिवळं ओकायची, पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसायची, पण थेंब पीत नसत. आबांचा निकाल तयार होता: विष. आधी गवळ्यावर संशय, मग हिवतापाची फवारणी करणाऱ्यांवर, मग माझ्यावर. मांजरं आवडत नाहीत असं मी कधीतरी बोलून गेलो होतो ना! आबा माझ्या डब्याकडे तिरप्या नजरेने पाहू लागले. मला संताप आला. पण माणसाचे डोळे रडून सुजलेले, त्याच्याशी भांडणार तरी काय?

भुरी तेवढी आजारी पडून पुन्हा उठली. "विषना वास तिले उना, म्हनून वाचनी," आबा म्हणाले. इथे वैरी फार, असं ठरवून त्यांनी तिला गुदामातल्याच एका बारदानात घातलं आणि एस.टी.ने भडगावकडे, गिरणाकाठच्या आपल्या गावी नेलं. कंडक्टरने पोत्यात काय आहे असं विचारलं, तर त्यालाच उलट विचारलं म्हणे, "तुले कोनी धाडं इचाराले?"

गावी त्यांची बहीण होती, अक्का. विधवा, एकटी. बैल नव्हते. शेजारचे नाना दरवर्षी स्वतःचं शेत पेरायच्या आधी आपली बैलजोडी तिच्या शेतात घालत. तिच्या वर्षभराच्या भाकरीचा आधार तेवढाच.

भुरीला तिच्याकडे ठेवून आबा परतले, त्यानंतर थोड्याच दिवसांत अक्काची मांजर मेली, तिची पिलं मेली, मग आळीतली मांजरं. आबा धावत गावी गेले आणि भर पारावर त्यांनी नानांचं नाव घेतलं. अक्काच्या शेतावर याचा डोळा आहे, हाच विष घालतो! नाना वाद घालायला उभे राहिले नाहीत. यंदा बैल येणार नाहीत, एवढाच त्यांचा निरोप आला. मृग तोंडावर होता. अक्काचं शेत पडून राहायची वेळ आली आणि हा गृहस्थ परत येऊन मला सांगतो, "देख, चोरना मनमा चांदनं!"

गुरांच्या दवाखान्याचे डॉक्टर घरच्या म्हशीसाठी सरकी न्यायला जिनात येत. आबांनी त्यांना विषाची सगळी हकीकत ऐकवली. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "गावात बाहेरचं मांजर आलं होतं का?"

आबांनी भुरीचं सांगितलं.

"हे विष नाही, साथ आहे," डॉक्टर म्हणाले. "आजारातून उठलेलं मांजरसुद्धा काही दिवस ती अंगात घेऊन फिरतं. पोत्यातून जाते, माणसाच्या हातांतूनही जाते."

डॉक्टर गेले. आबा आपल्या तळहातांकडे पाहत बसले. संध्याकाळी माझ्याकडे आले. "तू चाल मन्हासंगे. मन्हावर कोनी भरोसा ठेवाव नही."

आम्ही नानांच्या ओसरीवर बसलो. डॉक्टरांचं बोलणं मीच सांगितलं. नानांनी आत चहा सांगितला. कप आला. सवयीने आबांचा हात नाकापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

नाना म्हणाले, "आबा, आधी वास ली देखा."

"राहू द्या, नाना. वास मन्हाच हातले शे." आणि आबांनी चहा तसाच पिऊन टाकला. नानांनी मान वळवली आणि पेरणीचं बोलायला लागले. त्या वर्षी अक्काचं शेत नानांच्याच बैलांनी पेरलं.

पुढे नोकरी सोडून आबा अक्काकडेच राहिले. एकदा भेटायला गेलो, तर ओट्यावर हात काखेत दडवून बसलेले. भुरी जवळ आली की सरकत. "माय, मन्हाजोडे नको येऊ."

"आबा, साथ कधीच सरली," मी म्हणालो.

"यामा काहीतरी काळंबेरं शे," ते पुटपुटले. पण आता ते दुसऱ्या कोणाबद्दल बोलत नव्हते.

भुरीने ऐकलं नाही. मांडीवर चढली, काखेत नाक खुपसून त्यांच्या हाताचा नीट वास घेतला आणि अंग मुडपून झोपली. आबांनी घाबरून दोन्ही हात वर धरले. ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. मी निघालो तेव्हाही हात तसेच वर होते, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला एकही मोकळा नव्हता. त्यानंतर आबा मला दिसले नाहीत.