दादागिरीविरोधी समितीची अध्यक्ष

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. नाही, तुमच्या तोंडावर आत्ताच हसू दिसतंय! बरं, चहा घ्या आणि ऐका.

मी अथालजवळच्या एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. मूळची नाशिकची. सिल्वासात येऊन नऊ वर्षं झाली. माझा इशान इथल्याच इंग्रजी शाळेत सातवीत आहे. मागच्या जूनमध्ये त्या शाळेने दादागिरीविरोधी समिती काढली आणि पालकांमधून अध्यक्ष कोण, असं विचारलं. हात कुणाचा वर गेला असेल? नको तिथे नाक खुपसायची सवय माझी, दुसऱ्या कुणाचा जाणार!

आता आमच्या कारखान्यात एक पद्धत आहे. अपघात होता होता टळला, की कामगाराने चिठ्ठी लिहून पेटीत टाकायची. ज्या खात्याच्या चिठ्ठ्या जास्त, त्या खात्याला बक्षीस. मी म्हटलं, हेच शाळेत करू! कुणी ढकललं, चिडवलं, डबा पळवला, तर लिहा चिठ्ठी आणि घ्या चॉकलेट.

आमच्या प्राचार्या गुजराती. समजूतदार बाई. त्या म्हणाल्या, "बेन, चॉकलेट राहू द्या ना. मुलं आहेत ती."

मी म्हटलं, "मॅडम, आमच्याकडे तीनशे कामगार आहेत. मला माणसं कळतात."

कप्पाळ कळतात! पहिल्या आठवड्यात पेटी भरली. दुसऱ्या आठवड्यात झाकण लागेना. मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी, सगळ्या भाषांत तक्रारी! मी हादरले. एवढी शांत शाळा आणि आत गुंडांचा अड्डा?

मग एके दिवशी नळापाशी चौथीतल्या दोन मुली दिसल्या.

"ए, ढकल ना मला!"

"कालही तुलाच ढकललं होतं. आज परत तुझाच नंबर?"

"हो, पण हळू हां. काल गुडघा लागला माझा."

एकीने दुसरीला ढकललं, दुसरीने 'आई गं' केलं, आणि दोघी हातात हात घालून पेटीकडे पळाल्या. म्हणजे ज्या शाळेत वर्षाला दोन भांडणं व्हायची, तिथे मी रोज ढकलाढकलीचा कारखाना सुरू करून दिला होता! प्राचार्याबाईंनी चष्म्यावरून बघितलं माझ्याकडे.

मी चिठ्ठ्यांचा तो ढीग घरी आणला आणि एकेक बाजूला टाकत होते. तेवढ्यात एक वेगळीच चिठ्ठी हाती लागली. टाइप केलेली, इंग्रजीत, खाली नाव नाही. मराठीत सांगायचं तर अशी:

"एक मोठी व्यक्ती मला रोज सकाळी गेटवर अडवते. सगळ्यांसमोर माझे कपडे ओढते. नको ते प्रश्न विचारते. सगळे हसतात. मी रोज नको म्हणतो, ती व्यक्ती ऐकत नाही. चॉकलेट नको. फक्त हे थांबवा."

खरं सांगते, ती चिठ्ठी मी तीनदा वाचली. ते 'चॉकलेट नको' काही केल्या डोक्यातून जाईना. इतक्या खोट्या चिठ्ठ्यांमध्ये ही एक खरी होती, आणि माझ्या आगाऊपणामुळे ती ढिगाखाली पडून राहिली होती. रात्रभर झोप नाही. कुणाचं लेकरू असेल? कोण मेला त्याला छळत असेल?

शनिवारी पालकसभा होती. हॉल गच्च, पुढे मुलं, मागे पालक. मी माइक हातात घेतला आणि चिठ्ठी मोठ्याने वाचली.

"हे मूल कुणाचंही असो," मी गरजले, "आज मी त्याच्या आईच्या जागी उभी आहे!"

टाळ्या! धुळ्याकडचे एक पालक, सूतगिरणीत फिटर आहेत, ते उठून ओरडले, "ताई, त्या नालायकाले पहिले धरा! सोडू नका त्याले!"

तेवढ्यात माझं लक्ष इशानकडे गेलं. तिसऱ्या रांगेत बसून पोरगा जोरजोरात मान हलवत होता. नको, नको, अशी. मला वाटलं, याला तो गुंड माहीत आहे आणि हा घाबरलाय.

"बघा!" मी बोट दाखवलं. "माझं स्वतःचं पोरगं भेदरलंय! किती ही दहशत!"

इशानने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मी म्हटलं, गेटवर कॅमेरा आहे, कालचं चित्रण लावा. प्राचार्याबाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "बेन, ऑफिसमध्ये बसून बघूया ना."

"अजिबात नाही! लपवाछपवी नको. इथेच, मोठ्या पडद्यावर, सगळ्यांसमोर!"

लागलं चित्रण. सकाळची वेळ, मुलांची गर्दी. एक मुलगा सायकलवरून आला. अंगात नारिंगी रंगाचं चमचम करणारं जाकीट, रस्त्यावर काम करणारे घालतात ना, तसलं. मागून स्कूटरवर हेल्मेट घातलेली एक बाई. तिने त्याला अडवलं. जाकिटाचे पट्टे खसाखसा ओढले.

"ती बघा! ती बाई!" मी किंचाळले. "कोण आहे ती?"

धुळ्याचे भाऊ खाली बसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "ताई, स्कूटर तं तुमचीच दिसून राहिली."

पडद्यावरची बाई आता गुडघ्यावर बसून तेरा वर्षांच्या मुलाच्या बुटाची नाडी बांधत होती. मग तिने रुमाल बाटलीतल्या पाण्यात भिजवून त्याचे गाल पुसले. मग बोट वर करून काहीतरी विचारलं. कॅमेऱ्याला आवाज नव्हता हो. पण पहिल्या रांगेतल्या पोरांना होता! सगळी एका सुरात ओरडली,

"इशाऽऽन, सू-सू झाली का?"

हॉल कोसळला. हसून हसून पालक खुर्च्यांवरून घसरले. माझ्या हातात माइक तसाच, आणि तो बंद करायचंही सुचेना.

नंतर आम्ही ऑफिसात. मी, इशान आणि प्राचार्याबाई. मला लाज तर वाटतच होती, पण त्याहून वाईट वाटत होतं. माझ्याच पोराला माझ्याविरुद्ध चिठ्ठी टाकायला लागली होती!

"अरे, मला सांगायचंस ना!"

"रोज सांगतो," इशान म्हणाला. "तू म्हणतेस, आधी हात वर कर, जाकीट घालायचंय."

मी त्याला तिथेच सॉरी म्हटलं. मान खाली घालून, अगदी मनापासून. जाकीट बंद, नाडी बंद, गेटवरचे प्रश्न बंद. पोरगं कितीतरी दिवसांनी माझ्याकडे बघून हसलं.

मला वाटलं, सुटले. तर प्राचार्याबाई गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "बेन, पण नियम म्हणजे नियम. दोषीच्या पालकांना कळवावं लागतं."

"मीच तर पालक आहे!"

"तुम्ही दोषी आहात. तुमचे पालक?"

इशानने आजीचा नंबर घडाघडा सांगितला. नाशिकला फोन लागला, स्पीकरवर. बाईंनी सगळी हकीकत सांगितली. मला वाटलं, आई तरी लेकीची बाजू घेईल!

"अहो बाई," पलीकडून आई म्हणाली, "ती माझं तरी कुठे ऐकते? बरं झालं फोन केलात, आता माझीही तक्रार लिहून घ्या. गेल्या महिन्यात तिच्याकडे आले होते, तर भाजी आणायला जाताना तसलंच जाकीट घातलं हो मला! मंडईत शिरले, तर भाजीवाल्यांनी पटापट हातगाड्या काढून पळ काढला. त्यांना वाटलं, अतिक्रमणवाले आले! कोथिंबिरीची एक काडी नाही मिळाली मला!"

प्राचार्याबाईंनी शांतपणे वही उघडली आणि लिहिलं. पीडित दोन, दोषी एक. आणि खाली समितीची अध्यक्ष म्हणून सही घेतली माझीच.