ग्रेडीच्या व्हिडिओतला चार नंबर

मार्लिस व्होइट शाळेतून निवृत्त झाल्या तेव्हा गावाने त्यांना एक घड्याळ दिलं आणि लगेच कामाला लावलं. नेब्रास्कातल्या त्या गावात कॅमेरा नीट धरता येणारं दुसरं कुणी नव्हतं. आधी लग्नं झाली, मग मयतं, आणि आता बेसबॉल खेळणारी पोरं. पूर्वी कॉलेजांचे प्रशिक्षक गाडी काढून गावोगाव हिंडत आणि खेळाच्या जोरावर प्रवेश द्यायला पोरं हेरत. आता ते घरी बसून व्हिडिओ बघतात, तेही पूर्ण नाही. त्यामुळे गावातल्या प्रत्येक बापाला वाटतं की आपल्या पोराचं नशीब मार्लिसबाईंच्या हातात आहे. बाईंच्या मते ते त्यांच्या गुडघ्यांत होतं, कारण जाळीमागे उकिडवं बसून चित्रण करावं लागे आणि गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिला होता.

लायल केसलर त्यांचा जुना विद्यार्थी, आता ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. त्याचा ग्रेडी कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा. शाळेचं शेवटचं वर्ष सरत आलं होतं आणि एकाही कॉलेजने त्याला विचारलं नव्हतं. लायल स्वतः कधी कॉलेजात गेला नव्हता. ती रिकामी जागा त्याने मुलासाठी राखून ठेवली होती.

"बाई, ग्रेडीच्या व्हिडिओत मागे गिटार टाका."

"लायल, ते लोक आवाज बंद करून बघतात."

"मग गिटार टाकायला हरकत काय?"

लायलचे प्रश्न शाळेतही असेच असायचे.

कॅचरची परीक्षा एका फेकीत होते. समोरचा गडी चोरून दुसऱ्या बेसकडे, म्हणजे मैदानातल्या पुढच्या थांब्याकडे, पळाला की याने बसल्या जागेवरून उठून चेंडू तिथे पोचवायचा, आणि तिथल्या गड्याने तो झेलून पळणाऱ्याच्या अंगाला टेकवायचा. मार्लिसबाईंनी हंगामभराचं चित्रण चाळलं. पळणारा बाद झाला तेवढ्या फेकी ठेवल्या, वाचला त्या काढून टाकल्या. फार विचार केला नाही. लग्नाच्या व्हिडिओतून रडकी पोरं त्या अशीच काढत. शेवटी स्वतःचा फोन नंबर घातला आणि व्हिडिओ डझनावारी कॉलेजांना पाठवून दिला. गिटारसकट.

बरेच आठवडे काही झालं नाही. मग एका सकाळी, त्या धुणं वाळत घालत असताना, कॅन्ससमधल्या एका कॉलेजातून फोन आला.

"तो कॅचरचा व्हिडिओ तुम्हीच केलात ना, बाई?"

"हो, ग्रेडी केसलर. फार कष्टाळू मुलगा आहे. त्याचे वडीलही—"

"दुसऱ्या बेसवर चार नंबरचा शर्ट घालून उभा आहे तो कोण?"

मार्लिसबाईंनी हातातली उशीची खोळ परत टोपलीत टाकली.

"ग्रेडीचा हात चांगला आहे," त्या म्हणाल्या.

"हात आहे, दिशा नाही. पुन्हा बघा. एक फेक गुडघ्याखाली, एक डोक्यावरून, एक तर जमिनीत गाडलेली. आणि तो चार नंबर बटाटे वेचल्यासारखा सगळं उचलतोय. त्याचा व्हिडिओ कुठे आहे?"

"त्याचा केला नाही."

"का?"

"कुणी सांगितलं नाही."

"आणि नाव?" पलीकडच्या माणसाने विचारलं. नाव माहीत नाही असं म्हणणं सोपं होतं. आपण दमलोय, आता कशातही पडू नये, असंही बाईंना वाटून गेलं.

"नेस्तोर अहानेल," त्या म्हणाल्या.

फोन ठेवून त्यांनी व्हिडिओ लावला. सगळा वेळ त्या ग्रेडीच्या खांद्याकडे बघत आल्या होत्या. आता चेंडू जिथे पोचत होता तिथे बघितलं, आणि बंद केला.

लायलच्या शेडमध्ये गेल्या तेव्हा तो एका इंजिनात कोपरापर्यंत शिरला होता.

"कॅन्ससहून फोन आला होता."

त्याने हात बाहेर काढले. "काय म्हणाले?"

"हात आहे म्हणाले."

"आणि?"

"दिशा नाही म्हणाले."

लायलने पाना पुसला. तो स्वच्छच होता, तरी पुसत राहिला. "एवढंच सांगायला फोन केला?"

मग बाईंनी उरलेलं सांगितलं.

"आणि तुम्ही नाव दिलंत."

"दिलं."

"दर शुक्रवारी माझ्या घरी बसून रश्शात बुडवून चार-चार दालचिनीचे गोड पाव हाणतो तो."

"त्याने काही चोरलेलं नाही, लायल."

"मी कुठं म्हणतोय?" त्याने पाना खाली ठेवला. "माझ्या पोराच्या व्हिडिओत तुम्हाला धड एक सरळ फेक सापडली नाही, बाई?"

"सरळ होत्या. त्या वेळी पळणारा चेंडूआधी पोचून वाचला होता. म्हणून काढल्या."

लायल पुन्हा इंजिनात शिरला.

शनिवारी नेस्तोरचं चित्रण होतं. वारा असा की टोपी एका हाताने धरावी लागत होती. झेलायचं तर कुणीतरी फेकायला हवं, म्हणून बाईंनी शाळेच्या प्रशिक्षकाला बोलावलं होतं. तो आला नाही. ग्रेडी आला, न बोलावता, छातीवर कॅचरचं चिलखत नि डोक्यावर जाळीचा मुखवटा चढवून.

"बापाला सांगितलंस?" नेस्तोरने विचारलं.

"त्यानेच सोडलं. तो काय, गाडीत बसलाय."

ग्रेडी बसला, उठला आणि त्याने फेक केली. चेंडू तारेवरून गेल्यासारखा सरळ नेस्तोरच्या हातमोज्यात. दुसरा तसाच. तिसराही. नेस्तोर खांबासारखा उभा होता, त्याला काही करावंच लागत नव्हतं.

"आज होय रे सुचतंय तुला?" तो ओरडला.

मार्लिसबाईंनी डोळा कॅमेऱ्यावरून काढला. "ग्रेडी, जरा वाकडा टाक."

ग्रेडीने मुखवटा वर केला. "बाई, जन्मभर सगळे सरळ टाक म्हणून मागे लागलेत."

"माहीत आहे."

"आत्ताच्या तीन फेकी घेतल्यात?"

"कॅमेरा नेस्तोरवर होता."

त्याने मान हलवली. गाडीकडे बघितलं नाही. मुखवटा खाली ओढला आणि पुढचा चेंडू जमिनीत गाडला. नेस्तोरने धुळीतून तो उचलला आणि त्याच हालचालीत, नसलेल्या गड्याला, टेकवला.

"हां, आता कसा ओळखीचा वाटतोस," नेस्तोर म्हणाला.

मार्लिसबाई जाळीला धरून पुन्हा उकिडव्या बसल्या. गुडघे जे म्हणायचं ते म्हणाले.

"आणखी एक," त्या म्हणाल्या. "याहून वाईट."