तीन मुठींचा तारा

दोंडाईच्याच्या जिनिंगमध्ये कापसाची एकच मूठ पुढे करून कोणी प्रत विचारली, की फुलचंदशेठ ती झटकून टाकत. "वरचा कापूस सगळ्यांचाच पांढरा!" म्हणत. ढिगाच्या वरची, मधली आणि तळाची, अशा तीन मुठी बोटांनी ताणून पाहिल्याशिवाय या पारख्यानं तीस वर्षांत तोंड उघडलं नव्हतं. उघडलं, की ती काळ्या दगडावरची रेघ.

पण बहात्तरच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जिनिंगचा तरुण मालक मदनलाल म्हणाला, "काका, तुमचे डोळे थकले आता. दिवाळीच्या हंगामाला दुसरा पारखी बघतो." हे फुलचंदशेठच्या जिव्हारी लागलं. माणसाला म्हातारा म्हणा, चालेल. पारख्याला डोळे गेले म्हणू नये.

दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा त्यांच्या घरचा नेम. त्यामुळे गाव ताटावर बसलं, की शेठ गच्चीवर दुर्बिणीशी बसलेले असत. भुसावळचा एक रेल्वेतला साहेब निवृत्त होताना ती त्यांना देऊन गेला होता. त्या संध्याकाळी रागारागातच त्यांनी ती दक्षिणेला वळवली. तिकडे एक जवळची दीर्घिका होती, म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरचं ताऱ्यांचं दुसरं गाव. पिंजलेल्या कापसासारखा तिचा धुरकट ठिपका त्यांच्या चांगल्या ओळखीचा. आज त्या ठिपक्याच्या कडेला एक ठळक तारा होता. महिन्यापूर्वी तिथं काही नव्हतं.

एवढ्या लांबचा एकटा तारा दिसायचा तर तो फुटलेलाच असणार, हे त्यांना वाचून माहीत होतं. त्यांनी बायकोला, धनकुंवरबाईंना, गच्चीवर हाक मारून तो दाखवला.

"अहो, सकाळीच वेधशाळेला कळवा," धनकुंवरबाई म्हणाल्या.

"तीन मुठी पाहू दे," शेठ म्हणाले, आणि तीन रात्री पाहूनच त्यांनी पत्र टाकलं.

उत्तर आलं. तारा खरा होता, पण परदेशातून त्याची बातमी आधीच पोचली होती. पहिल्याच रात्री तार केली असती, तर शोधात शेठचंही नाव लागलं असतं.

"घ्या तुमच्या तीन मुठी!" धनकुंवरबाई कडाडल्या. शेठना फार वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पत्राचा शेवट नीट वाचला. 'पावसाळ्यात आमच्या डोंगरावर ढग असतात. दिसतोय तोवर ताऱ्याचं तेज रोज टिपून कळवाल? त्यावरून त्याची जात ठरवायला मदत होईल.' पहिल्या जातीचा फुटलेला तारा आधी झपाट्यानं मंदावतो, मग संथ, एकसारखा उतरत राहतो. दुसऱ्या जातीचा बहुतेक वेळा दोन-तीन महिने एकाच तेजावर ठाण मांडून बसतो.

"म्हणजे प्रत लावायची! ते तर माझंच काम," शेठ म्हणाले. कापूस दोन नमुन्यांमध्ये धरून पाहावा, तसा ते रोज तो तारा शेजारच्या दोन ताऱ्यांशी ताडून पाहू लागले.

त्या वर्षी पावसानं दगा दिला. लोक आभाळाकडे बघून उसासे टाकत, आणि शेठना मोकळ्या आभाळाचा आनंद होई. त्याची त्यांना लाजही वाटे. जिनिंगमधला हमाल उखर्डू रोज विचारी, "नाना, तुमना तारा आज कसा शे?"

"उतरतोय," शेठ सांगत.

पहिल्या महिन्यात तारा भराभर उतरला. पुढे त्याची चाल संथ आणि एकसारखी झाली. जुलै सरताना शेठनी कार्डावर सगळे आकडे लिहिले, आणि खाली दोनच शब्द: 'पहिली जात.'

वेधशाळेचं उत्तर जिनिंगच्या पत्त्यावर आलं, आणि ते मदनलालनंच फोडलं. ताऱ्याच्या प्रकाशाचा वर्णपटही तेच सांगत होता. 'पहिलीच जात. ढगांमुळे आमच्याकडे जे दिवस कोरे राहिले, ते तुमच्या आकड्यांनी भरून निघाले. तुमचे डोळे जपा.'

मदनलालनं पत्र दोनदा वाचलं. मग गोदामातल्या शिल्लक ढिगातून एक मूठ घेऊन तो शेठपुढे येऊन उभा राहिला.

"काका, ही प्रत कोणती?"

शेठनी मूठ झटकून टाकली.

"मधली आणि तळाची आण आधी."

मालक स्वतः गोदामाकडे वळला.