हुंगून बघ

"हुंगून बघ. तुमच्या घरात वासाची सवय असेल ना." सर सगळ्यांसमोर म्हणाले. काचेचा फ्लास्क माझ्या नाकाखाली. दोघं हसले. माझे बाबा म्युनिसिपालिटीच्या गटारात उतरायचे, हे इंटरव्ह्यूत मीच सांगितलेलं. त्यांच्या पगारावर शिकले, म्हणून अभिमानाने.

वागळे इस्टेटमधली लॅब. यीस्टकडून आम्ही इंधन बनवून घेतो. पेट्रोलमध्ये असतात तसले हायड्रोकार्बन. कुठले झाले, किती झाले, ते मशीन सांगतं. पण मशीनला वेळ लागतो, म्हणून सरांनी शॉर्टकट काढलेला. फ्लास्कमध्ये सॉल्व्हंट, म्हणजे इंधन विरघळवून घेणारं रसायन, घालून हलवायचं आणि वर आलेला थर हुंगायचा. पेट्रोलसारखा वास आला तरच नमुना मशीनवर. एमएस्सी आम्ही सगळेच. हुंगायला मात्र मीच.

संताप यायचा. गिळायचे. घर माझ्या पगारावर चालतं.

आधी नुसतं डोकं दुखायचं. मग भाजीला चव लागेना. म्हटलं, सर्दी असेल.

परवा शहाडला घरी पोचले आणि चहा ठेवायला लायटर उचलला. तेवढ्यात आई बाहेरून धावत आली. माझं मनगट धरलं, लायटर काढून घेतला.

"अगं, गॅस सुटलाय. जिन्यापर्यंत वास येतोय. तुला येत नाही?"

येत नव्हता. शेगडीवर वाकून मी जोरात श्वास घेतला. काहीच नाही.

आईने सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि तिथेच खाली बसली. लॅबमध्ये मला रोज काय हुंगायला लावतात, ते मी तिला सांगितलं. "तुझ्या बाबांनाही मुकादम म्हणायचे, आधी तू उतर. आत वायू आहे का बघ," ती म्हणाली. शेवटच्या वेळी उतरले ते बाबा जिवंत वर आले नाहीत. हे मला माहीत होतं. आधी तेच का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी फ्लास्क पुढे केला. मी बूच लावलं आणि तो त्यांच्याच हातात दिला.

"मशीनवर लावा. नाहीतर तुम्ही हुंगा."

"तुझ्यासारख्या छप्पन्न मिळतील," सर म्हणाले. या वेळी कोणी हसलं नाही.

मिळतील. म्हणूनच, मला काढलं तर मी गेटबाहेर उभी राहणार. येणाऱ्या प्रत्येकीला सांगणार, मला वास येणं इथे बंद झालं. आणि 'आधी तू' म्हटल्यावर आमच्या घरातलं कोणी यापुढे उतरणार नाही.