घोंगडी

माझ्या अंगावर पहिल्यांदा गांधी उठल्या तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. मानपाड्याच्या आमच्या दोन खोल्यांत आई आणि मी, दोघीच राहायचो. मान, पोट, मांड्या, सगळीकडे लाल फुगवटे आणि नुसती आग. आईने एकदा पाहिलं आणि सांगितलं, "पित्त उठलंय." पुढची पंधरा वर्षं एकाही डॉक्टरला याच्या फारसं पुढे जाता आलं नाही, एवढं आईच्या बाजूने सांगायला हवं.

पित्तावर आमच्या माणदेशातल्या गावाकडचा उपाय ठरलेला. आमसुलं भिजवून कुस्करायची, ते पाणी अंगाला खसाखसा चोळायचं आणि माणसाला घोंगडीत गुंडाळायचं. आमची घोंगडी काळी, जाड आणि मेली अशी टोचायची की काही विचारू नका. आई चोळायची तसतशा गांधी वाढायच्या. मी ओरडले की म्हणायची, "बाहेर पडतंय गं, पडू दे." घोंगडीच्या उबेत माझं डोकं हलकं व्हायचं, डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि मी गप्प व्हायचे. मग ती शेजारच्या काकूंना सांगायची, "आत्ता कुठे शांत झोपली."

कल्याण, डोंबिवली, ठाणे, सगळीकडचे डॉक्टर झाले. कुणी अ‍ॅसिडिटी म्हणालं, कुणी टेन्शन. एकाने माझ्यादेखत आईला विचारलं, "हिच्या लग्नाचं बघताय ना?" मी फाइल उचलून बाहेर पडले, ती चप्पल घालायलाही थांबले नाही. कोलशेतला नोकरीला होते, तिथे मी नखरेवाली. कुणी सेंट मारून आलं की माझा घसा आवळायचा आणि मला उठून जावं लागायचं. हळूहळू मलाच वाटायला लागलं, की आपण सोंग तर करत नाही ना? एकटी आई "तुला काही झालेलं नाही" असं कधी म्हणाली नाही. ती उठायची आणि आमसुलं भिजत घालायची.

चौतिसाव्या वर्षी ठाण्यात एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये न तोडता. मग पेनच्या टोपणाने माझ्या हातावर एक रेघ ओढली. पाच मिनिटांत ती रेघ दोरीसारखी फुगून वर आली. पुढे तपासण्या झाल्या आणि दुखण्याला नाव मिळालं, मास्ट सेलचा विकार, म्हणजे अंगातल्या अ‍ॅलर्जीच्या पेशी जराशा कारणानेही भडकायच्या. नाव ऐकून मी ढसाढसा रडले. काय टाळायचं ते बाई सांगू लागल्या. जोरात चोळणं नको, लोकर नको, अंग तापू द्यायचं नाही.

आई शेजारच्या स्टुलावर बसली होती. मी तिच्याकडे वळले आणि म्हणाले, "ऐकलंस? पंधरा वर्षं सोलत होतीस मला. झोपत नव्हते मी, बेशुद्ध पडत होते!"

"त्यांना कसं कळणार?" बाई हळूच म्हणाल्या. पण मी बोलून बसले होते. आईने पदर सारखा केला आणि माझी फाइल पिशवीत ठेवली.

दोन दिवसांनी पाहिलं तर घोंगडी नव्हती. "दिली कुणालातरी," ती म्हणाली. रविवारी डोक्याला तेल लावून द्यायची, ते बंद झालं. चहाचा कप हातात द्यायच्या ऐवजी टेबलावर ठेवू लागली. त्या दिवाळीत उटण्याची वाटी मोरीच्या दाराशी ठेवून म्हणाली, "तूच लाव, हलक्या हाताने." तेव्हा माझ्या लक्षात आलं, की कितीतरी दिवसांत तिने मला हात लावलेला नाही.

अगं, हलका हात चालतो मला. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले. पंधरा वर्षांचा राग होता आणि तो काढायला ते सगळे डॉक्टर थोडेच घरी येणार होते? आई घरात होती. तिच्यावरच निघाला. मी दुष्टपणा केला, दुसरा शब्द नाही त्याला.

गेल्या वर्षी तिच्या किडन्या गेल्या. हॉस्पिटलात मी तिच्या उशाशी बसून होते. एका दुपारी धीर करून तिचा हात माझ्या गालाला लावला. म्हटलं, "आई, याने काही होत नाही मला. कधीच होत नव्हतं."

तिने डोळे उघडले. "नको गं," म्हणाली, "उठेल तुला." आणि होती नव्हती ती ताकद लावून हात चादरीखाली ओढून घेतला. माझ्या दुखण्यावर इतका विश्वास दुसऱ्या कुणीच ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिचा हात पुन्हा गालाला लावला. तिने तो ओढून घेतला नाही. ती गेली होती.